वर गेलेला चेंडू आणि कापलेले दोन मार्क

धायरीहून एका आईचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी नववीत, सेमी इंग्रजी माध्यमात शिकते. सहामाहीच्या विज्ञानाच्या पेपरात तिची गणितं सगळी बरोबर आली, पण ‘शास्त्रीय कारणे लिहा’मध्ये मार्क गेले. सरळ वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच बिंदूला पोचतो, तेव्हा त्याच्यावर कोणतं बल कार्य करतं, या प्रश्नाला तिनं लिहिलं, ‘कोणतंही नाही. हाताचं बल आणि गुरुत्वाकर्षण तिथे सारखे होतात.’ दोन मार्क गेले. घरी येऊन तिनं वहीचं पान आणि कंपासपेटी एकदम खाली सोडली. कंपासपेटी आधी पडली. ‘पुस्तकात सगळं एकदम पडतं म्हणतात, आपल्या घरात पडत नाही,’ असं म्हणून ती शाळेत विचारायला गेली. तिथे उत्तर मिळालं, ‘हे परीक्षेला येत नाही, व्याख्या पाठ कर.’ आता ती खरोखरच पाठ करते, आणि ‘मला फिजिक्स कळत नाही’ असं सांगते. वडिलांना तिला आठवड्यातून तीन संध्याकाळी फाउंडेशन बॅचला घालायचंय. आजोबा म्हणतात, हे सगळं भास्कराचार्यांनी आधीच सांगून ठेवलंय. आई कॉमर्सच्या, एका पतसंस्थेत नोकरीला. त्या विचारतात: तिला पाठ करू द्यावं की क्लास लावावा? आणि आपल्यालाच काही येत नसताना घरी काय करावं?

ताई,

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलं आहे: ‘हाताचं बल संपत जातं म्हणून चेंडू थांबतो, असं ती ठामपणे सांगते.’ चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये झां ब्युरिदां नावाचे एक विद्वान शिकवत असत. त्यांचं म्हणणं जवळपास हेच होतं. फेकणारा माणूस वस्तूला काहीतरी देतो, ते तिच्यात भरलेलं राहतं आणि वजनामुळे व हवेच्या विरोधामुळे ओसरत जातं. त्याच्याही आधी ॲरिस्टॉटलचं मत चालायचं, की हातातून सुटलेल्या वस्तूला भोवतालची हवा पुढे ढकलत नेते. तुमची लेक ॲरिस्टॉटलला मागे टाकून आलेली आहे. न्यूटनपर्यंत पोचायची राहिली आहे, एवढंच.

उत्तर चूक आहे, आणि मार्क कापले तेही बरोबर. पण ही धांदरटपणाची चूक नव्हे. डोळ्यांना जे दिसतं, स्नायूंना जे जाणवतं, त्यावरून विचार करणारा कुणीही माणूस आधी याच उत्तराशी येऊन थांबतो. कपाट सरकवायचं तर ढकलत राहावं लागतं, ढकलणं थांबलं की कपाट थांबतं. मग बल असेल तरच गती, हे मनात घट्ट बसतं. नववीच्या पुस्तकातला पहिलाच धडा, ‘गतीचे नियम’, नेमका याच्या उलटं सांगतो आणि ते दोन-तीन ओळींत सांगून पुढे सरकतो. ज्या मुलांना आपलं मत असं काही नसतं त्यांना त्या ओळी गिळायला सोप्या जातात. तुमच्या मुलीला मत आहे, म्हणून तिच्या घशात अडकलं.

तेव्हा पहिली गोष्ट अशी, की मार्क चांगले असताना ‘मला कळत नाही’ म्हणणाऱ्या मुलीला कच्ची समजू नका. सूत्रात आकडे घालून उत्तर काढणं आणि काय चाललंय ते कळणं, यांत फरक आहे, हे तिचं तिला समजलंय. उलट ज्यांना हा फरक जाणवत नाही त्यांची मला जास्त काळजी वाटते. ती मुलं अकरावीला गेली की एकदम अडखळतात आणि घरच्यांना कळत नाही की दहावीला नव्वदच्या पुढे असलेल्या पोराला झालं काय.

आता त्या चेंडूकडे येऊ. तिला कुठलीही व्याख्या विचारू नका. कागदावर एक गोल काढायला सांगा आणि म्हणा, या चेंडूला आत्ता, या क्षणी, कोण ढकलतंय किंवा ओढतंय त्याचं नाव सांग. बल म्हटलं की लावणारा कुणीतरी हवा. हात? हात तर खाली राहिला, चेंडूला टेकलेलाही नाही. पृथ्वी? हो, ती ओढतेय. हवा? थोडीशी. झालं. चेंडू वर जाताना एकच ठळक बाण, खालच्या दिशेला. अगदी वर पोचल्यावर तोच बाण, तेवढाच. खाली येतानाही तोच. तिला वाटेल तेवढे गोल काढू द्या, बाण बदलणार नाही. बदलतो तो वेग: वर जाताना दर सेकंदाला सेकंदामागे सुमारे ९.८ मीटरनं कमी होतो, वरच्या टोकाला क्षणभर शून्य होतो आणि मग त्याच दरानं खालच्या दिशेला वाढत जातो. त्या क्षणी वेगाबरोबर बलही शून्य झालं असतं तर चेंडू खाली आलाच नसता, तिथेच लटकून राहिला असता. हा शेवटचा मुद्दा तुम्ही सांगू नका. ‘बलही शून्य आणि वेगही शून्य, मग तो खाली का येतो गं?’ एवढं विचारून स्वयंपाकघरात निघून जा.

आणि तिला वाटतं तसं चेंडूत ‘काहीतरी’ आहे, हेही खोटं नाही बरं का. हातानं दिलेला संवेग त्याच्याकडे आहे, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. तो कमी होत जातो हे तिनं बरोबर ओळखलं होतं. फक्त त्याला तिनं बल म्हटलं. ही चूक सुधारायला पाच मिनिटं लागतात, पण ‘पाठ कर’ असं सांगितलं तर ती आयुष्यभर सुधारत नाही.

‘कोण कोणाला ढकलतंय?’ हा प्रश्न घरात रूढ करा. धड्यातल्या निम्म्या अडचणी त्यानं सुटतात. स्वारगेटकडे जाणाऱ्या बसनं करकचून ब्रेक मारला आणि उभी माणसं पुढे गेली, त्यांना मागून कुणी ढकललं? नाव सांग. कुणीच नाही. बस थांबली, पायाला बसच्या फरशीनं अडवलं, धड मात्र आधीच्याच वेगानं चाललं होतं. नाव सांगता येत नसेल तर ते बल नाही.

कंपासपेटीचा प्रयोग तिनं स्वतःहून केला, कुणी सांगितलेलं नसताना. पुस्तकाचं वाक्य घरात तपासून पाहिलं आणि जुळलं नाही तर जुळलं नाही म्हणाली. विज्ञान शिकणाऱ्याकडून यापेक्षा जास्त काय हवंय? कमी पडला तो पुढचा प्रश्न. पान तरंगत, गिरक्या घेत आलं, पेटी सरळ आली. या दोघांत वजनाखेरीज आणखी काय वेगळं होतं? आता तेच पान चुरगाळून घट्ट बोळा करायला सांगा. वजन तेवढंच राहिलं, पण बोळा आणि पेटी छातीच्या उंचीवरून सोडली तर जमिनीवर जवळजवळ एकच आवाज येतो. मग दुसरं पान घेऊन ते एका जाड पुस्तकावर सपाट ठेवा. पान पुस्तकापेक्षा लहान हवं, कडा बाहेर नकोत. पुस्तक आडवं धरून सोडा. पान पुस्तकाला चिकटल्यासारखं बरोबर खाली येतं, कारण हवा अंगावर घ्यायचं काम पुस्तकानं केलेलं असतं.

हवाच नसेल तर काय होतं, हे चंद्रावर करून पाहिलेलं आहे. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो-१५ मोहिमेतल्या डेव्हिड स्कॉट यांनी एका हातात हातोडा आणि दुसऱ्या हातात ससाण्याचं पीस धरून दोन्ही एकदम सोडले. दोन्ही एकदम पडले. त्याची चित्रफीत सहज मिळते, जेवताना दाखवा. गुरुत्व त्वरण, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जितका वाढतो तो दर, तिथे आपल्या सहाव्या भागाएवढं, म्हणून पडतात सावकाश, आणि त्यामुळे नीट दिसतंही.

पण प्रयोग न करता नुसत्या डोक्यानं हे सिद्ध करता येतं, आणि नववीच्या मुलीला ते करताना जी मजा येते तिला तोड नाही. गॅलिलिओचा युक्तिवाद आहे, १६३८ साली छापलेला. समजा, जड दगड वेगानं पडतो आणि हलका हळू. आता दोघांना दोरीनं बांधा. हलका दगड जडाला मागे ओढेल, म्हणजे जोडी एकट्या जड दगडापेक्षा हळू पडायला हवी. पण जोडीचं वजन तर एकट्या जड दगडापेक्षा जास्त, म्हणजे ती जास्त वेगानं पडायला हवी. एकाच गृहीतकातून दोन उलटी उत्तरं येतात, तेव्हा गृहीतकातच खोट आहे. तिला फक्त प्रश्न घाला: नारळ आणि लिंबू, दोरीनं बांधले, आता काय? रविवारची सकाळ जाईल. पिसाच्या मनोऱ्यावरून गॅलिलिओनं गोळे टाकल्याची गोष्ट मात्र फार ताणू नका, ती त्याच्या शिष्यानं मागाहून लिहिलेली आहे आणि तसं घडलं याला पुरावा तोकडा आहे.

गॅलिलिओनं जे खरोखर केलं ते मला मनोऱ्यापेक्षा कितीतरी हुशारीचं वाटतं. सरळ पडणारी वस्तू डोळ्याला आवरत नाही, घड्याळं तेव्हा धड नव्हती. म्हणून त्यानं उतरत्या खाचेतून गोळा घरंगळवला, म्हणजे पडणंच संथ केलं. हे तुम्हाला घरी करता येईल. वायरिंगसाठी भिंतीवर ठोकतात ती प्लॅस्टिकची केसिंग पट्टी घ्या, गोटी मावेल एवढी रुंद, दोन मीटर लांब, झाकण काढून टाका. एक टोक जमिनीवर, दुसऱ्याखाली दोन-तीन जाड पुस्तकं, साधारण दहा सेंटिमीटर उंची. पट्टी मधे झुकू नये म्हणून खाली आधार द्या. आधी पट्टीवर वरच्या टोकापासून दर चाळीस सेंटिमीटरला आडवा पातळ दोरा ताणून चिकटपट्टी लावा, आणि गोटी न ढकलता नुसती सोडा. दोऱ्यावरून जाताना टक् आवाज येतो. टक्... टक्.. टक्.टक्. ठोके जवळजवळ येत जातात, गोटी वेग घेते आहे हे कानाला कळतं. आता दोरे काढून १०, ४०, ९० आणि १६० सेंटिमीटरवर लावा आणि पुन्हा सोडा. ठोके एका लयीत पडतात. तबला शिकणाऱ्या मुलानं मात्रा धरावी इतके. अंतरं बघा: पहिल्या ठोक्यापर्यंत १०, पुढच्या ३०, मग ५०, मग ७०. एक, तीन, पाच, सात. सारख्या वेळात वाढत जाणारं अंतर आणि त्यातला हा विषम संख्यांचा क्रम, हेच ते एकसमान त्वरण. पुस्तकातलं ‘अर्धा गुणिले त्वरण गुणिले काळाचा वर्ग’ हे समीकरण याच दोऱ्यांमधून आलेलं आहे. दोऱ्याचा अडथळा होतो, म्हणून ठोके अगदी घड्याळासारखे येणार नाहीत. दोरा शक्य तितका बारीक घ्या, मधे लोंबू देऊ नका, आणि पहिल्या दोन-तीन वेळा फसलं तर पट्टीचा उतार थोडा वाढवा.

घर्षणासाठी काही खास करायची गरज नाही, घरात कॅरम असेलच. पावडर न टाकता एक सोंगटी मारा आणि कुठे थांबते ते बघा. पावडर टाकून तेवढ्याच जोरात मारा. मग विचारा, पावडर आणखी चांगली असती तर? बोर्ड संपलाच नसता तर? सोंगटीला थांबवणारं काहीच उरलं नसतं तर ती थांबायचं कारण काय? कपाटाला सतत ढकलावं लागतं ते गती टिकवायला नव्हे, घर्षण फेडायला. न्यूटनचा पहिला नियम एवढाच आहे.

आता गुरुत्वाकर्षण. दहावीच्या पुस्तकात हा पहिलाच धडा येतो, म्हणून आत्ताच थोडं पेरून ठेवलेलं बरं. ‘अवकाशात गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून अंतराळवीर तरंगतात’ असं ती म्हणते, असं तुम्ही लिहिलंय. बरेच मोठेही म्हणतात. २०२५ साली शुभांशु शुक्ला ज्या अंतराळ स्थानकावर जाऊन आले ते जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटरवर फिरतं. तिथे पृथ्वीचं गुरुत्व त्वरण जमिनीवरच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास असतं. ओढ भरपूर आहे. स्थानक, त्यातली माणसं, त्यांचे चमचे, सगळेच एकदम पडत असतात. फक्त सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगानं आडवे जात असल्यामुळे जितके खाली पडतात तितकीच खालची जमीनही वाकून दूर जाते, आणि ते पृथ्वीभोवती फिरत राहतात.

ऐकायला हे अविश्वसनीय वाटतं, म्हणून गच्चीवर किंवा अंगणात जा. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाजवळ खिळ्यानं भोक पाडा, बोटानं दाबून पाणी भरा, झाकण उघडं ठेवा. हात उंच करून बोट काढलं की धार लागते. आता बाटली सोडून द्या. जमिनीवर आपटेपर्यंतच्या अर्ध्या-पाऊण सेकंदात धार बंद असते. भोक तिथेच आहे, पाणी तिथेच आहे, पृथ्वीची ओढही तिथेच आहे. पण बाटली आणि पाणी सारख्याच त्वरणानं पडत असल्यामुळे पाणी बाटलीला दाबतच नाही. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपून ठेवा, नाहीतर घरात वाद होतील. अंतराळवीराचं तरंगणं म्हणजे हीच बाटली, न आपटणारी.

तुमच्या सोसायटीत लिफ्ट असेल तर आणखी एक. वजनकाटा जुना, काटा फिरणारा हवा. डिजिटल काटा आकडा पकडून ठेवतो, त्याचा उपयोग नाही. काट्यावर उभं राहून लिफ्टनं वर जायला लागा: सुटताना काटा क्षणभर पुढे सरकतो, मधल्या मजल्यांवर मूळ जागी येतो, थांबताना मागे जातो. तिचं वस्तुमान काही बदललेलं नाही, पृथ्वीची ओढही तीच. काटा दाखवतो ते काट्यानं तिच्या तळपायांना किती जोरानं वर ढकललं ते. मधल्या मजल्यांवर लिफ्ट चालू असूनही आकडा नेहमीचाच का, हा प्रश्न जरूर विचारा. एकसमान वेगाला जास्तीचं बल लागत नाही, हे तिला तिथे आपोआप सापडेल.

न्यूटनच्या तिसऱ्या नियमाबद्दल, म्हणजे प्रत्येक क्रियेला तेवढीच आणि उलट दिशेची प्रतिक्रिया असते याबद्दल, थोडक्यात, पण एक इशारा देऊन. टेबलावर पुस्तक ठेवलंय, त्याचं वजन खाली आणि टेबलाचा रेटा वर, हीच क्रिया-प्रतिक्रियेची जोडी, असं क्लासच्या नोट्समध्येसुद्धा लिहिलेलं मी पाहिलंय. ते चूक आहे. ही दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत आणि पुस्तक स्थिर आहे म्हणून ती समान आहेत. तिसऱ्या नियमाची जोडी नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असते: पृथ्वी पुस्तकाला ओढते, पुस्तक पृथ्वीला तेवढ्याच बलानं ओढतं. टेबल पुस्तकाला वर रेटतं, पुस्तक टेबलाला खाली दाबतं. वाक्य उलटं करून बोलता आलं पाहिजे, की जोडी सापडली. ‘क्रिया आणि प्रतिक्रिया समान, मग बंद पडलेली स्कूटर ढकलल्यावर पुढे जातेच कशी?’ हे कोडंही तिथेच सुटतं. मी स्कूटरला पुढे ढकलते, स्कूटर मला मागे ढकलते, आणि त्याच वेळी माझे पाय रस्त्याला मागे रेटतात, रस्ता मला पुढे. पावसाळ्यात शेवाळलेल्या बोळात हे करून बघायची गरज नाही, तिथे रस्ता आपलं काम करत नाही.

आजोबांशी वाद घालू नका. ते म्हणतात त्यात तथ्य आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धांतशिरोमणी लिहिला, त्यातल्या गोलाध्यायात पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे आणि आकाशातल्या जड वस्तूला ती आपल्याकडे ओढते, असा श्लोक आहे. चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेखही आहे. मात्र न्यूटनचं काम त्याच्या पुढचं आहे. वस्तू खाली पडतात आणि पृथ्वी त्यांना ओढते, एवढ्यावर तो थांबला नाही. हीच ओढ चंद्रापर्यंत जाते का, आणि गेली तर तिथे किती उरते, हे त्यानं आकड्यांत मांडलं. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून पृथ्वीच्या सुमारे साठ त्रिज्यांवर आहे. ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत असेल, तर तिथे ती साठ गुणिले साठ, म्हणजे ३६०० पटीनं कमी हवी. आपल्याकडे सोडलेला दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडतो. त्याला ३६००नं भागलं की जेमतेम १.४ मिलिमीटर येतं. आणि चंद्र आपल्या सरळ वाटेपासून दर सेकंदाला पृथ्वीकडे खरोखरच साधारण तेवढाच वळतो. झाडावरचं फळ आणि चंद्र यांना एकच नियम लागू आहे, हे १६८७ साली छापून आलं. हा भागाकार आजोबा आणि नातीनं शेजारी बसून करावा, आजोबांचा श्लोकही त्याच बैठकीत म्हणून होऊ द्या.

तुम्ही कॉमर्सच्या म्हणून मागे राहू नका. तुम्हाला उत्तर माहीत नाही, हे इथे सोयीचं आहे, कारण उत्तर माहीत असलेला माणूस प्रश्न पुरता ऐकून घेत नाही. तुमचं काम ‘कोण ढकलतंय?’ आणि ‘मग असं का झालं?’ एवढे दोन प्रश्न विचारणं, आणि तिनं दिलेलं उत्तर तुम्हाला पटेपर्यंत ‘नाही कळलं, पुन्हा सांग’ म्हणणं. पतसंस्थेत नावे आणि जमा जुळल्याशिवाय तुम्ही दिवस बंद करत नसाल. बाणांचंही तसंच: स्थिर वस्तूवरचे बाण जुळले पाहिजेत, आणि जुळत नसतील तर जिकडे बाण उरला तिकडे त्वरण असलंच पाहिजे. तुम्ही त्वरण म्हणा, ती ॲक्सिलरेशन म्हणेल, काही बिघडत नाही.

शाळेतल्या उत्तराचा राग येणं साहजिक आहे. पण भरलेला वर्ग आणि पुढे सरकणारं वेळापत्रक, यांत एका मुलीच्या शंकेला तास देणं कुणालाही अवघड जातं. तिला सांगा, तासाला हात वर करण्याऐवजी मधल्या सुट्टीत कागदावर बाण काढून घेऊन जा आणि म्हण, ‘यातला कुठला बाण चुकला?’ नेमका प्रश्न घेऊन आलेल्या मुलाला हाकलणारे शिक्षक फार थोडे.

पाठांतराचंही मी पूर्ण वावडं मानत नाही. बोर्डाच्या पेपरात नियम पुस्तकातल्या शब्दांत लिहिला तर मार्क सुखरूप राहतात. तेव्हा तीन नियम, संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत आणि एककं पाठ असू द्यात. पण क्रम सांभाळा: आधी बाणांचं चित्र, मग स्वतःच्या शब्दांत दोन वाक्यं, मग पुस्तकातलं वाक्य. ‘शास्त्रीय कारणे’चं उत्तर याच क्रमानं लिहायची सवय लागली की तिथले मार्क परत येतील.

पुण्यात राहून एक गोष्ट न करणं म्हणजे पाप आहे. विद्यापीठाच्या आवारात आयुका आहे, जयंत नारळीकरांनी उभी केलेली खगोलशास्त्राची संस्था. तिथल्या कुंडाभोवती आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत, आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे दाखवणारा फूकोचा लंबकही. शाळकरी मुलांसाठी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी व्याख्यानं आणि २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन, हे तिथे वर्षानुवर्षं चालत आलंय. जायच्या आधी वेळापत्रक बघून घ्या. तिथल्याच मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्याचं काम कित्येक वर्षं केलं. ती कशी करायची ते इंटरनेटवर फुकट पाहायला मिळतं. क्लासच्या फीचा विचार करण्याआधी हे होऊ द्या.

राहिला क्लास. तुमच्या यजमानांचा हेतू चांगला आहे, आणि सगळे क्लास वाईट असतात असंही नाही. पण फाउंडेशन बॅचमध्ये सहसा अकरावीची गणितं नववीत करून घेतात. तुमच्या मुलीची गणितं आधीच बरोबर येतात. जे तिला येतं तेच आणखी वेगानं करायला तीन संध्याकाळी आणि एवढे पैसे घालवण्यात मला अर्थ दिसत नाही. वर्ष संपेपर्यंत थांबा. एवढं करूनही गाडी अडलीच, किंवा तिला स्वतःलाच जावंसं वाटलं, तर पैसे भरण्याआधी डेमो लेक्चरला दोघी जा. लेक्चर संपल्यावर तिला तो चेंडूचाच प्रश्न विचारू द्या. ‘हा चॅप्टर नंतर घेऊ’ म्हणाले किंवा छापील नोट्स हातात दिल्या तर चहा पिऊन घरी या. कुणी खडू उचलून ‘तुला काय वाटतं, कुठला बाण काढू?’ असं तिलाच उलट विचारलं, तर बिनघोर फी भरा.